ठमी पास झाली

निवृत्तीनंतर घर खायला उठलं, तशा नर्सबाई जवळच्या शाळेत वाचनात मागे पडलेल्या पोरांना शिकवायला जाऊ लागल्या. जिन्याखालचं बाक हेच त्यांचं राज्य. पोरं त्यांना नर्सआजी म्हणत.

दुसरीतली ठमी आली तीच टकळी चालवत. पुस्तक उघडलं, घडाघडा धडा म्हटला आणि मोकळी झाली. आजींनी सहज चित्रावर हात ठेवला. टकळी बंद.

"वाच की गं पुढे."

"चित्र दिसत नाही ना आजी, मग कसं वाचू?"

पोरीला धड एक अक्षर ओळखता येत नव्हतं. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलीचं ऐकून ऐकून तिने अख्खं पुस्तक पाठ केलं होतं.

हिवाळाभर आजी तिच्यामागे लागल्या. घ आणि ध, ब आणि व. आज आलेलं उद्या साफ पुसलेलं. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं! मग एकदा अक्षरावर बोट दाबून, ओठ चावत ठमी म्हणाली, "घ... र... घर!" आणि स्वतःच दचकली. आजींनी तिला पोटाशी धरलं.

पुढच्याच आठवड्यात वर्गात तोंडी परीक्षा झाली. बाईंनी जुनाच धडा उघडून दिला. ठमीने तो न अडखळता म्हणून दाखवला. टाळ्या पडल्या. ठमीचा जिन्याखालचा तास बंद झाला.

आजी तडक मुख्याध्यापिकांकडे गेल्या. "तिला वाचता येत नाही हो, पाठ आहे सगळं."

"पास झाली ना? मग झालं तर. बाकीची पोरं ताटकळलीत, त्यांचं बघा."

फाटकात ठमीची आई भेटली. तिचा आनंद गगनात मावत नव्हता. "आजी, पोरीने नाव काढलं!"

आजींना राहवलं नाही. खरं काय ते त्यांनी सांगितलं. आईचा चेहरा पडला, मग तापला.

"आजवर मठ्ठ, मठ्ठ ऐकून कान किटले माझे. आता कुठे कौतुक झालं, तर ते तुमच्या डोळ्यांत खुपतंय?"

त्यानंतर ठमी आजींना टाळू लागली. एकदा मधल्या सुट्टीत आजींनी तिला नळापाशी गाठलं.

"ठमे, येत जा गं थोडा वेळ. कुण्णाला सांगणार नाही मी."

ठमीने ओले हात फ्रॉकला पुसले. वर पाहिलंच नाही.

"मला येतं वाचायला," ती म्हणाली आणि मैत्रिणींकडे पळाली.