लाँड्रीच्या दारातली पैज

रिकामटेकड्या माणसाला दुसरा उद्योग नसला की तो शेजारच्या घरातला पाळणा मोजायला बसतो. त्या दिवशी लाँड्रीच्या दारात तेच झालं. सलूनवाल्याकडं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तो बाकड्यावर येऊन बसला. चहावाला रिकामे ग्लास न्यायला आला तो तिथंच चिकटला. लाँड्रीवाला आपला इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडत उभा.

"काय शेठ, पोरगी भिंत धरून उभी राहायला लागली," सलूनवाल्यानं खडा टाकला. "पुढचं कधी? का दम संपला?"

"पुढच्या थंडीच्या आत पोरगा मांडीवर असेल! लाव पैज."

"आणि नसला तर?"

"तर चौकातल्या नळावर बसून आख्ख्या गल्लीच्या चादरी हातानं धुईन. मशीनला हात लावणार नाही."

"ऐका हो ऐका!" चहावाल्यानं ग्लासावर ग्लास वाजवला. "ज्यानं जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही, तो चादरी धुणार!"

हशा असा पिकला की समोरच्या खिडकीतून दोन बायका डोकावल्या आणि त्याही हसल्या.

पडद्यामागं शेठची बायको एका शर्टाची कॉलर दाबत होती. म्हणजे ज्या घोड्यावर पैज लागली होती तो घोडा तिथंच, हाताच्या अंतरावर उभा होता. पण घोड्याला कोण विचारतं?

तिला राग यायला हवा होता. आला नाही. तिनं कॉलर उलटी केली आणि दुसऱ्या बाजूनं दाबली.

तिची सासू म्हणजे डागांची पंडित. कुणाच्या घरी काय सांडलं, कोण आजारी आहे, कोण चोरून पितो, चादर बघून सांगायची. रक्ताचा डाग गार पाण्यातच काढायचा, गरम पाण्यात तो कपड्यात घर करतो, हा तिनं सुनेला दिलेला पहिला धडा. त्याच नजरेनं ती सुनेची चादरही वाचायची. बाळंतपणानंतर सुनेची पाळी परत आली ती अशी, की पंधरवडा सरतो न सरतो तोच पुन्हा हजर. पाहुणा निघाला म्हणून दार लावावं, तर हा परत उंबऱ्यात उभा!

"परत?" सासू चादर उजेडात धरून विचारायची.

"परत."

दोघींमध्ये बोलणं असं एवढंच उरलं होतं. सून चादर भिजवायची, पिळायची, वाळत घालायची. चढ चढताना तिला धाप लागायची. तेही ती कुणाला सांगायची नाही. सांगून काय, ऐकणारे सगळे पैजेत.

शेवटी सासूनंच निकाल लावला. "पोरगी अंगावर पितेय, म्हणून दिवस राहत नाहीयेत. उद्यापासून दूध तोडायचं."

"अहो आई, ती दुसरं काही घेत नाही. वाळलीय आधीच."

"भूक लागली की घेईल. तुझा नवरा काय अमृतावर वाढला?"

सुनेनं नवऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, "आई म्हणते तर करून बघू ना. आणि पैजेचंही बघायला हवं की!" वर हसलासुद्धा.

सकाळी सासूनं कडू लेप आणून दिला. सुनेनं तो छातीला लावला. सवयीनं पोरीनं तोंड लावलं, काढलं, आणि आईकडं बघत राहिली. रडली नाही. नुसती बघत राहिली.

सुनेनं तिला पाळण्यात ठेवलं आणि ती इस्त्रीला उभी राहिली.

जळका वास आला तेव्हा सासू आत धावली. पांढरा शर्ट करपत होता, आणि सुनेची दोन बोटं इस्त्रीला टेकलेली होती. ती बोटं काढून घेत नव्हती.

"अगं ए! भाजतंय ते! कळत नाही?" सासूनं हात ओढला.

"नाही," सून म्हणाली. खोटं नव्हतं ते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोटांना मलम लावलं, मग तिची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त तपासायला घेतलं. सासूनं सगळी कहाणी सांगितली, अगदी लेपासकट.

"बाळंतपणानंतर, अंगावर पाजताना पाळी मागंपुढं होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बऱ्याचदा हळूहळू बसते. पण हिची इतक्या लवकर लवकर येतेय, आणि अंगात रक्त उरलेलं नाही. का येतेय ते आधी शोधू. ही भरून येईपर्यंत पोटात दुसरं नको. आणि पोरीचं दूध आजच्या आज सुरू करा. एवढी घाई आहे कुणाला?"

सासूनं मुलाकडं बघितलं. मुलानं पंख्याकडं.

"गल्लीला," सून म्हणाली. "पैज लागलीय."

घरी येऊन तिनं लेप धुतला, शाल घेतली आणि पोरीला घेऊन थेट लाँड्रीच्या दारातल्या बाकड्यावर बसली. सलूनवाला टुणकन उठला.

"अगं, आत बस," सासू कुजबुजली.

"इथंच बसते. पैज इथंच लागली होती." आवाज चढला नव्हता, तरी खिडक्या उघडल्या. "अहो, पुढच्या थंडीत नाही. त्याच्या पुढच्याही नाही. माझं अंग भरेल तेव्हा बघू, आणि तेही मी म्हणेन तेव्हा. म्हणजे पैज तुम्ही आजच हरलात. नळ मोकळा आहे."

"अगं, चेष्टेत म्हणालो मी…"

"मग चेष्टेतच धुवा."

सगळी गल्ली बघत होती. पळणार कुठं? शेठ पँट दुमडून नळावर बसला. पहिली आली ती त्याच्याच घरची चादर. डाग बघून तो गांगरला. चहावाल्याच्या शेगडीवरचं पातेलं उचलून त्यानं उकळतं पाणी बादलीत ओतायला घेतलं.

"गार!" सासू किंचाळली. "गार पाणी, मेल्या! लाँड्री चालवतोस ना?"

लोक खो खो हसले. सासू नाही हसली. नळाजवळ येऊन ती हळू बोलली, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "तुझ्या पाठचं गेलं ते असंच. तू अंगावर पीत होतास. तुझंही दूध तोडलं होतं. मलाही कुणी विचारलं नव्हतं."

हसू जागच्या जागी विझलं.

सलूनवाला पैज जिंकला होता. त्यानं बाह्या सारल्या. "सरक शेठ. हसलो तर मीही होतो." चहावाल्यानं मुकाट्यानं दुसरी बादली लावली. खिडकीतल्या बायका आत गेल्या आणि आपापल्या चादरी घेऊन खाली आल्या. चादरी बऱ्याच आहेत अजून. हसलेल्या कुणालाही यायचं असेल तर नळावर जागा आहे.

बाकड्यावर पोरगी चुटुचुटु पीत होती. तिला सावरताना सुनेची बोटं शालीला घासली.

"आई गं!" ती एकदम म्हणाली आणि बोटांवर फुंकर घालत बसली. कितीतरी दिवसांनी तिला काहीतरी दुखलं होतं.