बाराचा भोंगा

सुकदेव नानांनी मास्तरकी सोडून बरीच वर्षं झाली होती, पण मास्तरकीने काही त्यांना सोडलं नव्हतं. रविवार आला की वरणगावातली पोरं गोळा करून ते कुठे ना कुठे निघायचेच. आजची मजल लांबची होती. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका कोरड्या नाल्यात डायनासोरच्या पावलांचे ठसे होते. ते बघायला प्रेमराजचा टेम्पो पहाटेच गाव सोडून निघाला होता.

भूमिकाला आणणं सगळ्यांत अवघड गेलं. तिची आई कुंदाबाई दारात आडवी उभी राहिली होती.

"एकच पोरगी हाये मले, नाना. तिचं ध्यान एकदा लागलं का तिले मागचं-पुढचं सुचत नही. तुम्ही शब्द देत असाल तं न्या."

नानांनी शब्द दिला होता.

नाल्यात उतरल्यावर त्यांनी पोरांना उन्हाकडे तोंड करून बसवलं. "तिरपं ऊन आहे तोवर नीट बघून घ्या. ऊन डोक्यावर आलं की खळग्यातली सावली जाते आणि ठसा दिसेनासा होतो."

दगडात तीन बोटांचा मोठा खळगा होता. पुढे दुसरा, त्याच्या पुढे तिसरा.

"हे तर कोंबडीचं पाऊल, नाना!" हितेंद्र म्हणाला.

"एवढी कोंबडी असती तर तिनेच तुला टिपून खाल्लं असतं. आता ऐका. सहा-सात कोटी वर्षं टिकलेली गोष्ट आहे. ठशावर पाय पडता कामा नये. कडेकडेने चालायचं."

मग त्यांनी प्रत्येकाला पऱ्हाटीची, म्हणजे वाळल्या कपाशीची, एकेक लांब काडी दिली. दोन ठशांमधल्या अंतराएवढी काडी मोडायची आणि ती पुढच्या पावलांना लावत जायचं. काडी पुरली तर जनावर चालत होतं, अपुरी पडली तर पळत होतं. पोरं थोडा वेळ रमली, मग उन्हाने कंटाळली आणि रस्त्याखालच्या मोरीजवळ, झाडाखाली येऊन बसली. भूमिका तेवढी काडी लावत लावत नाल्याच्या वळणापर्यंत गेली होती. तिचा पिवळा फ्रॉक नानांना दिसत होता.

तेवढ्यात भोंगा झाला.

"बारा वाजले!" हितेंद्र ओरडला आणि त्याने डब्याचं झाकण उघडलं. बाकीच्यांनीही डबे उघडले. फॅक्टरीच्या भोंग्यावर ज्या गावाचं जेवणखाण चालतं, त्या गावची पोरं ती. नानांनीही फडकं सोडलं, कळण्याची भाकरी मोडली, तिच्यावर भरीत घेतलं आणि भूमिकाला हाक मारायला मान वर केली.

भोंगा पुन्हा झाला.

नानांचा घास हातातच राहिला. फॅक्टरीचा भोंगा लागोपाठ दोनदा कधी होत नाही. आणि वरणगाव इथे कुठून आलं? ते तर पार तिकडे, तापीच्या खाली राहिलं होतं.

वळणापलीकडच्या टेकडीवर एक माणूस लाल फडकं हलवत होता. त्याच्या मागे अर्धी कापलेली टेकडी पांढरी दिसत होती. दगडाची खाण! सुरुंग लावले होते, आणि आपण डबे उघडून बसलो होतो.

"प्रेमराज! पोरं मोरीत घाल! सगळी! डबे राहू दे!"

प्रेमराज टेम्पोतून उडी मारून आला. तो पोरांना दंडाला धरून मोरीत ढकलू लागला. नाना नाल्याकडे धावले. गुडघा दगा देत होता.

"भूमिका! पळत ये!"

तिने काडी उंच धरली. "नाना, काडी पुरत नही! इथून ते पळायला लागलं!"

"टाक ती काडी! ये!"

ती निघाली, पण बांधावरून चालावं तशी, हात पसरून, ठसे चुकवत, काठाकाठाने.

"ठशांवरून ये! तुडवत ये, पोरी!"

भूमिका थांबली आणि चक्क हसली. मुद्दाम चुकीचं सांगून पोरांची परीक्षा घ्यायची नानांची खोड साऱ्या गावाला ठाऊक होती. तिने लांबूनच बोट हलवलं. "मी नही फसायची, नाना!"

आता ओरडून उपयोग नव्हता. नाना नाल्यात उतरले आणि सरळ पहिल्या ठशात चप्पल घातलेला पाय आपटला. मग दुसऱ्यात. तिसऱ्यात.

भूमिकाचं हसू मावळलं. नानांचा पाय ठशात? तिने एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती सुटली. दगडांवरून, ठशांवरून, जिथे पाय पडेल तिथून. तिचा हात हाताशी येताच नानांनी तिला ओढली. मोरीच्या तोंडाशी प्रेमराजने दोघांना आत घेतलं.

जमीन आधी हलली, आवाज मागून आला. मग बाहेर दगड पडू लागले, आधी बारीक, मग मोठे. कुणी रडत नव्हतं. नानांनी भूमिकाचं डोकं छातीशी दाबून धरलं होतं, आणि धडधडतंय ते तिचं काळीज की आपलं, हे त्यांना कळत नव्हतं.

सगळं शांत झाल्यावर ते बाहेर आले. झाडाखाली नारळाएवढा दगड पडला होता आणि त्याच्याखाली एक डबा चपटा झाला होता.

खाणीचा मुकादम तोताराम लाल फडक्यासकट धावत आला. भीतीने त्याचा आवाज फाटला होता. "पोरं मरतीन ना, आबा! भोंगा ऐकू उना नही का तुमले?"

"आला," नाना म्हणाले. "आम्ही जेवायला बसलो."

तोताराम तिथेच खाली बसला.

प्रेमराज हळूच म्हणाला, "नाना, गावात हे कशाला सांगायचं? पोरं धड आहेत. उगाच पुढची सहल बंद पडेल."

"पडू दे."

नानांनी पोरं पुन्हा एकदा मोजली. भूमिका त्यांचा सदरा धरून उभी होती, तिला त्यांनी बाजूला केलं नाही. मग त्यांनी खिशातून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"कुंदाबाई, नाना बोलतोय. पोरगी माझ्याजवळ उभी आहे, तिला काही झालेलं नाही. आता मी काय सांगतो ते पूर्ण ऐक, आणि मग मला काय बोलायचं ते बोल."