मला कोंबडं नको

मी एक रिंग रोड आहे, लातूर शहराला वळसा घालून जाणारा. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी आजवर कुणाचा बळी मागितलेला नाही.

माझा जन्म मुरूम, खडी आणि डांबरातून झाला. मी आलो म्हणून सोयाबीनचे ट्रक आणि उसाचे ट्रॅक्टर शहरात न शिरता बाहेरून जाऊ लागले. तेव्हा माझं तोंडभरून कौतुक करणारेच आता मला झपाटलेला म्हणतात. भुजंगराव नावाच्या शेतकऱ्याच्या शेताजवळ माझ्यावर सारखे अपघात होतात ना! मग तिथे नारळ फुटतात, उतरून टाकलेली लिंबं पडतात. त्या लिंबांवरून दुचाकी घसरली, तरी दोष माझ्याच माथी.

खरं काय ते मी सांगतो. माझ्यामुळे भुजंगरावांच्या शेताचे दोन तुकडे झाले, हे मला मान्य आहे. पलीकडच्या तुकड्यात जायला पुलाखालून लांबचा वळसा पडतो. त्याचा कंटाळा येऊन त्यांनी पहारीने माझा दुभाजक फोडला आणि ट्रॅक्टरपुरती वाट केली. मग सगळा गावच त्या फटीतून ये-जा करू लागला. मधूनच एकदम माणूस येईल, हे भरधाव ट्रकवाल्याला कसं कळणार?

मागच्या महिन्यात तिथूनच सायकलवर येताना त्यांची नात तनुजा ट्रकखाली जाता जाता वाचली. पाय मात्र मोडला. तर दुसऱ्या दिवशी भुजंगराव कोंबडं घेऊन हजर! मला असा संताप आला म्हणून सांगू!

"रस्त्यानं बळी मागितलाय," ते म्हणाले. "आज दिला न्हाई तर पोरीला सोडणार न्हाई."

त्यांची बायको विठाबाई फटीत आडवी उभी राहिली. "रस्त्याला काय तोंड हाय का मागायला? फट कुणी पाडली, ते सांगा आधी."

"आगं, लई लांबचा फेरा पडतो."

"पडू द्या. पोरीपरीस फेरा मोठा हाय का?"

भुजंगरावांनी कोंबडं विठाबाईंच्या हातात दिलं, ट्रॅक्टरमधून दगड आणले, सिमेंट कालवलं आणि स्वतःच्या हाताने फट बुजवली. घरी मात्र पुलाखालून कुरकुरत गेले.

आता रोज कुणीतरी तिथे गाडी थांबवतो आणि माझ्या नावाने बोटं मोडतो. खुशाल मोडा. मित्रांनो, मला खड्डा पडला तर डांबर ओतून बुजवता येतो. तनुजा अजून काठी टेकत शाळेला जाते. ती दिसली की मी माझा दुभाजक आणखी घट्ट धरून ठेवतो. वाट मिळणार नाही. जा वळसा घालून!