एकट्या रॉबिनचं ‘दे’

श्रेया परब लोअर परळच्या एका डबिंग स्टुडिओसाठी परदेशी मालिकांचे संवाद मराठीत लिहायची. या खेपेला तिच्या हाती मालिकेचे मधलेच भाग आले होते. होड्या बांधणारी दोन भावंडं. धाकटं, रॉबिन, वादळात बेपत्ता होतं आणि थोरली बहीण धक्क्यावर विचारते, ‘व्हेअर डिड दे गो?’ श्रेयानं बेधडक लिहिलं, ‘ते सगळे कुठे गेले?’

रेकॉर्डिंगला बहिणीचा आवाज देणारी जुई हेडफोन सरकवून म्हणाली, “सगळे कोण गं? होडीत तर एकटा रॉबिन होता. की एकटी होती?”

श्रेया हातातली पानं चाळू लागली. दिग्दर्शक जयवंतनं खुलासा केला. “पहिल्या भागात आहे ते. रॉबिनला ‘तो’ नको, ‘ती’ही नको. अशा एका माणसालाही इंग्रजीत ‘दे’ म्हणतात.”

“कोण ते माहीत नसलं की म्हणतात, ते ठाऊक होतं. पण ओळखीच्याला?” श्रेयानं विचारलं.

“ओळखीच्यालाही. उद्या नवी ओळ आण.”

श्रेया घरी निघाली ती डोक्यात वाक्यं घोळवतच. ‘रॉबिननं होडी बांधली’, ‘रॉबिनला भूक लागली’ इथे काहीच अडत नव्हतं. गंमतच की! अडत होतं ते येण्या-जाण्यापाशी. गेला, की गेली?

करी रोडच्या घरात शिरते न शिरते तोच आई मालन श्रेयाच्या भाचीची चौकशी करू लागली, “गे, मनवा खंय गेलां? ता जेवलां काय?”

श्रेया चप्पल काढता काढता थांबली. गेलां, जेवलां. कॉलेजात जाणारी मनवा आईच्या मालवणीत अजून नपुंसकलिंगीच होती. जन्मभर ऐकलेलं, पण कानाला आजच लागलं. तिनं उत्साहानं रॉबिनची हकिगत सांगितली आणि विचारलं, “मग रॉबिनला ‘ता’ म्हटलं तर?”

“म्हंजे ता चेडू?”

“मुलगी नाही गं. मुलगाही नाही.”

मालनला हे नवंच होतं. तिनं गॅस बारीक केला. “आनि आवसबापूस? ते काय म्हंतत?” मग तिनंच विचारलं, “भैन तेका हाक कशी मारता?”

“नावानं.” म्हणता म्हणता श्रेया हसली. हाक मारताना कुठे कोणाचं लिंग लागतं?

दुसऱ्या दिवशी जुईनं माइकसमोर जीव तोडून हाक मारली, “रॉबिन! कुठे आहेस?”

“मुळात ती लोकांना विचारते,” जयवंत म्हणाला. पण त्या दृश्यात बहीण पाठमोरी होती, ओठ जुळवायचे नव्हते. ओळ पास झाली.

जुईनं पुढचं पान उलटलं. “इथे रॉबिन घरी परतल्याचं सांगायचंय. आता?”

“‘दारात कोण आलंय’ म्हणतोच ना आपण? तसं म्हणून बघ,” श्रेयानं सुचवलं.

“रॉबिन आलंय!” जुई म्हणाली आणि स्वतःच फिसकन हसली. “लहान मूल आल्यासारखं वाटतंय.”

“खटकतंय खरं,” जयवंत म्हणाला.

“अजून एकदा,” श्रेया म्हणाली. “दोन दिवस वाट बघून दार उघडलंयस.”

जुईनं डोळे मिटले. या वेळी तिचा आवाज मध्येच चिरकला. “आई... रॉबिन आलंय.”

काचेपलीकडे कोणी हसलं नाही. जयवंतनं ते पुन्हा लावून ऐकलं, मान तिरकी करून आणखी एकदा ऐकलं.

“ठेवू या,” तो म्हणाला. “लोक काय म्हणतात, बघू तरी.”