लई गुण आला

किल्लारीच्या जीप-स्टँडसमोर संगमेशचं मेडिकल आहे. दुकान बारकं, पण गिऱ्हाईक तुटत नाही, आणि त्यातलं निम्मं गिऱ्हाईक औषधाचं नाव सांगत नाही. कुणी गोळ्यांच्या पाकिटाचा कापलेला तुकडा आणतं, कुणी पिळून चपटी झालेली मलमाची नळी, कुणी रिकामी बाटली. ती काउंटरवर ठेवायची आणि म्हणायचं, "ह्येच द्या." वस्तू दुरून दिसली तरी संगमेशचा हात बरोबर त्या खणात जायचा. बोलण्यात वेळ घालवायचं कामच नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. औषधांचं एवढं शिक्षण घेतलेल्या माणसाने न बोलण्याचा डौल मिरवावा, हे जरा अजबच. पण दुकान चालत होतं, तेव्हा त्याला शहाणपण शिकवणार कोण?

त्याचं स्वतःचं नाक वर्षभरापासून चोंदलेलं. नाकात घालायच्या थेंबांची बाटली शर्टाच्या खिशात कायमची मुक्कामाला. दोन थेंब टाकले की नाक मोकळं, तीन तासांनी पुन्हा बंद. हे थेंब तीन-चार दिवसांच्या वर वापरू नयेत, पुढं औषधच नाक बंद करायला लागतं, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण रोजचा हातातला माल, त्याची कसली भीती! चहाला "एकच कप" म्हणावं तसं तो "दोनच थेंब" म्हणायचा.

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास हळदवाडीची नागम्मा आली. पन्नाशीची बाई, कपाळावर विभूतीचे पट्टे, गडबडीत. संगमेश तेव्हा फोनवर लातूरच्या माल पाठवणाऱ्या माणसाशी भांडत होता. आठ दिवस झाले तरी खोका पोचला नव्हता. नागम्माने रिकामी बाटली ठेवली. "ह्येच द्या, अप्पा. अन् त्या बाळाच्या चड्ड्या द्या, सगळ्यात बारक्या." त्याने फोन खांद्याने कानाशी दाबला आणि दोन्ही वस्तू काढून दिल्या. ती आणखी काहीतरी सांगत होती. तो "हां, हां" करत होता. ती गेली, फोनवरचं भांडण मात्र चालूच राहिलं.

अर्ध्या तासाने जरा उसंत मिळाली. नाक गच्च झालं होतं. त्याने खिशातली बाटली काढली, मान मागे टाकली, एका नाकपुडीत दोन थेंब सोडले. दुसऱ्या हाताने नागम्माची रिकामी बाटली केराच्या डब्यात टाकायला उचलली. बोटाला काळं लागलं. बाटलीवर काजळाच्या बोटांचे ठसे होते, चांगले ताजे.

काजळ. सगळ्यात बारक्या चड्ड्या. आणि मग तिचं बोलणं त्याच्या कानात आता, अर्ध्या तासाने पोचलं.

"लई गुण आला, अप्पा. नाक असं चोंदलं व्हतं की पिताच येईना. ह्यांच्या बाटलीतलं दोन-दोन थेंब घातलं, आता दोन दिस झाले, रडणं न्हाई का कुरकुर न्हाई. गपगार झोपून राहिलंय."

संगमेशची दुसरी नाकपुडी तशीच राहिली. आठ दिवसांपूर्वी तिच्या नवऱ्याने सर्दीसाठी ही बाटली नेली होती, हे त्याला चांगलं आठवलं. मोठ्या माणसाचं औषध. ते दीड-दोन महिन्यांच्या जिवाच्या नाकात गेलं तर नाकापुरतं राहत नाही, अंगात भिनतं. बाळ झोपेत जातं, गार पडतं, छातीचे ठोके मंदावतात, श्वास अडखळतो. हेही त्याने परीक्षेत लिहिलं होतं. बाई ज्याला गुण म्हणत होती तोच घात होता, आणि त्याने मान डोलावून दुसरी भरलेली बाटली तिच्या हातात दिली होती.

तो चपला न घालताच रस्ता ओलांडून पळाला. हळदवाडीची जीप भरल्याशिवाय हलत नाही. कधी कधी तासतास माणसं आत बसून घाम पुसत असतात. पण ते नशीब इतर दिवसांचं. आज लग्नाची तिथ होती. जीप भरून केव्हाच गेली होती. ड्रायव्हर अण्णारावाचा नंबर त्याने तीनदा लावला. तिन्ही वेळा घंटा वाजून थांबली.

शटर अर्धं ओढून त्याने मोटरसायकल काढली. हळदवाडी सात किलोमीटर. वाटेत त्याचं मन त्याला नाना तऱ्हेने समजावत राहिलं. थेंब नवऱ्यालाच घालत असतील. झोपून राहिलंय ते नवऱ्याबद्दलच म्हणाली असेल. पण मग पिताच येईना, ते कोण? साठीचा नवरा? त्याला स्वतःचीच चीड आली. समजा उशीर झाला, तर? हा "तर" काही केल्या पुढं सरकेना. तोंडाने श्वास घेत त्याने गाडीचा वेग आणखी वाढवला.

अर्ध्या वाटेवर अण्णारावची जीप समोरून येताना दिसली. संगमेशने गाडी सरळ आडवी घातली.

"नागम्माचं घर कुठं?"

"महादेवाच्या देवळामागं. का हो, काय झालं?"

"माघारी वळव. माझ्यामागं ये. बाळाला दवाखान्यात न्यायचंय."

अण्णारावने जीप बाजूला घेतली. मागच्या सीटवरच्या दोघांना तिथंच उतरवलं.

नागम्मा दारातच भेटली. "आरं अप्पा! काय ऱ्हायलं का माझं दुकानात?"

"मावशी, थेंब घातले का?"

"आत्ताच घालाया बसले, तर झाकणच निघंना. बरं झालं आलास, उघडून दे." तिने बाटली पुढं केली आणि कौतुकाने आत बोट दाखवलं. "बघ कसं निवांत हाय."

पाळण्याशी तिची लेक वर्षाराणी बसली होती, माहेरी बाळंतपणाला आलेली. तिचा चेहरा काही निवांत नव्हता. "सकाळपासून पाजाया उठवायलेय, अप्पा. उठतच न्हाई," ती म्हणाली. "आई म्हणती, झोपू दे."

संगमेशने वाकून बाळाचं पाऊल हातात घेतलं. उन्हाळ्याच्या दुपारी ते गार होतं. त्याने तळव्याला टिचकी मारली. पाय जरासा आखडला, बस. तोंड फिकट, आणि दोन श्वासांमधलं अंतर इतकं लांब की तो पुढचा श्वास येईपर्यंत स्वतःचा रोखून धरत होता.

"उचला. चला."

"पर झालंय काय?" नागम्माचा आवाज चिरकला.

"ते थेंब मोठ्यांचे हायत, मावशी. लेकराला चालत न्हाईत."

संगमेश मोटरसायकल तिथंच सोडून जीपमध्ये बसला. नागम्मा नातीचं गार पाऊल दोन्ही हातांत धरून चोळत राहिली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला बघितलं मात्र, त्यांची धावपळ सुरू झाली. ऑक्सिजन लावला, अंग गरम कपड्यात गुंडाळलं, बोटाला ठोके मोजायचं यंत्र अडकवलं. लातूरला न्यायची वेळ आली तर असावी म्हणून ॲम्ब्युलन्स दारात उभी करून ठेवली. "या औषधावर उतारा नाही," त्या म्हणाल्या. "अंगातून उतरेपर्यंत श्वास सांभाळायचा. शेवटचे थेंब कधी घातले?"

"सकाळी सातला. त्यात संपलंच ते," नागम्मा म्हणाली.

"घालायला सांगितलं कुणी?"

नागम्माने पदर डोक्यावर ओढला. "कुणी न्हाई. माझंच डोकं. दुकानदाराला काय म्हाईत? उलट तोच धावत आला बिचारा."

खरं तर संगमेश इथं गप्प बसला असता तर भागलं असतं. न बोलण्यात तर त्याचा हातखंडा. बाई आपणहून सगळं अंगावर घेत होती, डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत होत्या, आणि किल्लारीत उद्या त्याचं नाव झालं असतं. संगमेशने भिंतीला हात टेकला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "म्हणजे, ह्यांनी मला सांगितलं होतं. बाळ दोन दिवस झोपून आहे म्हणून. मी फोनवर होतो. ऐकलं नाही, आणि कुणाला पाहिजे तेही विचारलं नाही. वर दुसरी बाटली दिली."

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागल्या. नागम्मा बाकावर त्याच्या शेजारीच बसली होती. ती उठली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दोन वाजले, तीन वाजले. अण्णाराव चहा घेऊन आला, तो तसाच निवला. आतून यंत्राचा टिक-टिक आवाज येत होता आणि संगमेश त्यातलं प्रत्येक टिक मोजत होता. एकदा ते जरा लांबलं तेव्हा त्याने बाकाची कड इतकी घट्ट धरली की नखं दुखली. नाक आता दोन्ही बाजूंनी ठार बंद झालं होतं.

पाचच्या सुमारास आतून बारीक आवाज आला. मांजरीचं पिल्लू ओरडावं इतपतच. मग जरा मोठा. मग चांगला ठसक्यात, भूक लागल्याचा, रागाचा. वर्षाराणीचं रडणंही त्यात मिसळलं. डॉक्टरीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "ठोके वाढलेत. उद्यापर्यंत इथंच ठेवू. नाकात फक्त मिठाच्या पाण्याचे थेंब, तेही माझ्याकडूनच न्यायचे."

नागम्मा उभी राहिली. दोन दिवस जे रडणं थांबलं म्हणून तिने गावभर सांगितलं होतं, त्याच रडण्याला तिने हात जोडले. मग संगमेशसमोर येऊन थांबली.

"रडायलंय," ती म्हणाली. "ऐकू येतंय न्हवं आता?"

त्याने मान हलवली. डोळे भरून आले होते, तिच्याकडे बघवेना.

तिने कनवटीची बाटली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. सील तसंच होतं. "ही तुमची."

त्याने ती खिशात ठेवली. तिथं आधीच त्याची स्वतःची बाटली होती, तशीच, त्याच रंगाची. सवयीने बोटं तिच्या झाकणावर गेली. संगमेशने हात बाहेर काढला आणि तोंड उघडं ठेवून, धापा टाकत, तो त्या पोरीचं रडणं ऐकत बसून राहिला.