चार नावांचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि सध्या भयंकर रागात आहे. दगडाला कसला आलाय राग, असं म्हणून हसू नका. सव्वाशे वर्षं ऊनपाऊस खाल्ल्यावर माझा तेवढा हक्क आहे.

कोडोलीहून आडवाटेला लागलं की आमचं खेडं लागतं. तिथल्या लहानशा चर्चच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून मी उभा आहे. गावातल्या देवळाचा चौथरा ज्या खाणीतून निघाला, त्याच खाणीतून मीही निघालो. माझ्या छातीवर क्रूस आहे आणि त्याखाली चार नावं: आकाराम, बाळाबाई, गणपत, यल्लव्वा. खाली लिहिलंय, 'प्रभूमध्ये निजले'. आडनाव एकाचंही नाही. हे चौघे वेगवेगळ्या जातींतून येशूच्या पायाशी आले होते. आडनाव लिहिलं की जात कळते, म्हणून तेव्हाच्या मंडळीनं पाथरवटाला बजावलं होतं, नुसती नावं घाल.

ती का कोरली, तेही ऐका. गावात प्लेग आला. घराघरात उंदीर मरून पडू लागले, तशी माणसं शेतात खोपी घालून राहायला गेली. त्यांचं काही चुकलं नाही, लेकरं जगवायची होती. पण ज्यांच्या काखेत गाठ आली, ते गावातच राहिले. त्यांना पाणी पाजायला हे चौघे मागे थांबले. कुणाचं घर, कुठली जात, काही विचारलं नाही. कण्हण्याचा आवाज येईल त्या घरात शिरले, पेज भरवली, अंग पुसलं, आणि जे गेले त्यांना ज्याच्या त्याच्या रीतीनं निरोप दिला. आधी आकाराम गेला, मग बाळाबाई आणि गणपत एकाच दिवशी. यल्लव्वाचं तान्हं पोर शेतात बहिणीजवळ होतं. तिला निघून जाता आलं असतं. आपल्यासाठी येशूनं जीव दिला, मग शेजारी तहानलेला कसा टाकू, एवढंच तिचं शास्त्र. तीही गेली.

पुढे बरीच वर्षं माझा मान होता. बेंदराला बैलांची मिरवणूक निघाली की गावकरी माझ्यापुढे घटकाभर वाजप थांबवायचे. कुणाचा आजा वाचला होता, कुणाची आजी. मग ती माणसं संपली. माझ्या अंगाला सायकली टेकू लागल्या. पोरांनी माझ्यावर कोळशानं स्टंप काढले. निवडणुकीत एका उमेदवाराचा हसरा चेहरा माझ्या तोंडावर डकवला, तो दोन पावसाळे हलला नाही. तेही मी सोसलं. यल्लव्वाची पणती धोंडुबाई दर ईस्टरला नारळाच्या काथ्यानं मला घासून धुते, तेवढ्यावर माझं भागत होतं.

गेल्या रविवारी गावातला पृथ्वीराज पाच-सहा जणांना घेऊन आला. फोनवर काहीबाही ऐकून त्याचं डोकं तापलेलं. त्याला शंभर वर्षांपूर्वीच्या कुणाचा तरी राग आलाय, पण नेमका कुणाचा, ते त्याला धड सांगता येत नाही. माझ्याकडे बोट करून तो ओरडला, "परक्यांनी आमची मानसं बाटवली, त्येची ही खूण हाय. पुढच्या रविवारपातूर काडा, न्हायतर आमी काडतो!"

मी परका? अरे बाबा, एकदा वाच तरी ती नावं! तुझ्याच गल्लीतली आहेत.

पण मित्रांनो, त्याच्यापेक्षा जास्त राग मला माझ्याच लोकांचा आला. बुधवारी चर्चचे पंच जमले. निवृत्त शिक्षक विश्वजित सर त्यांचे पुढारी. सगळ्यांनी माना डोलावून ठरवलं की मला उलटं फिरवायचं, क्रूस आणि नावं भिंतीकडे. गुंडू पाथरवटाला बोलावलं. त्यानं पहार घालून माझा पाया मोकळा करायला घेतला. प्लेगला न भ्यालेल्यांची नावं एका धमकीला भिऊन झाकायची! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तेवढ्यात धोंडुबाई आली.

"काय चाललंय सर?"

"धोंडुआत्ती, तोडत न्हाय आपण. नुसतं तोंड फिरवतोय. वातावरण निवळलं की परत सरळ करू."

"माझ्या पणजीला भिताडाकडं तोंड करून उभी करताय व्हय? शाळंत पोरास्नी करत हुता तशी? तिनं काय गुन्हा केलाय?"

धोंडुबाईनं माझ्या पाठीवर थाप मारली.

"बरं, फिरवा. पर ही बाजू कोरी हाय. गुंडू, हितं ह्या पंचांची नावं घाल. कुनी फिरवला, त्ये बी लोकांस्नी दिसू दे की!"

गुंडूनं पहार खाली ठेवली. पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला, माझ्या पाठीवरची धूळ फुंकली आणि अगदी सरळपणानं विचारलं, "सांगा सर, पयलं कुनाचं घालू?"

एक पंच फोन काढून बघायला लागला. दुसऱ्याला म्हशीच्या धारेची आठवण झाली. सर खालच्या आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ दे गुंडू. हाय तसा घट्ट कर."

गुंडूनं मला पुन्हा पक्का बसवला. बुधवारी पंच लाजेनं थांबले, धीर अजून कुणाला आलेला नाही, हे मला कळतं. आणि मुदत तर उद्याच संपते. आज शनिवार. धोंडुबाई सकाळपासून पाट टाकून माझ्याशेजारी बसली आहे. दुपारी गुंडू येऊन तिला चहा देऊन गेला. पंचांपैकी कुणी फिरकलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांची निगा राखा, असं अशा वेळी सांगायचं असतं. मी सांगणार नाही. मी दगड आहे, पडलो तरी मला लागत नाही. पण ती बाई पंचाहत्तर वर्षांची आहे आणि एकटी आहे. उद्या सकाळी या. येताना बसायला आपापला पाट घेऊन या.