उष्टी नान

लढाई संपली असं रेडिओने सांगितलं आणि महिन्याभरात नुस्रत आमच्या दारात आला. गावातल्या पांढऱ्या दाढ्या पुढे घालून, हातात साखरेचा पुडा घेऊन. माझ्या नवऱ्याला ज्याने नेलं तो मला साखर देतो म्हणजे काय? माझं टाळकंच फिरलं.

सासूबाईंनी मात्र दस्तरखान अंथरून त्यावर ताजी नान आणि मीठ ठेवलं. आमच्या वख्शच्या खोऱ्यात दारी आलेल्याला उपाशी उठवत नाहीत. याच रीतीने आमचा घात केला होता. पाच वर्षांपूर्वी नुस्रत बंदूकवाली पोरं घेऊन गावात शिरला, तेव्हा आमचे पुरुष बोरूच्या बेटात पळायच्या तयारीत होते. तेवढ्यात त्याने पाणी मागितलं. आम्ही बायकांनी पाण्यासोबत तंदुरातली गरम नान आणि मीठ दिलं, सगळ्यांनी पोटभर खाल्लं. मग सासरे म्हणाले, आता पळायचं कशाला, खाल्ल्या मिठाला माणूस जागतोच. पुरुष थांबले. त्या मेल्यांनी तोंडं पुसली आणि कागद तपासायचेत म्हणून सगळ्यांना ट्रकमध्ये कोंबलं. सासरे ट्रकला आडवे गेले, त्यांना तिथेच गोळी घातली.

त्याआधी, माझा सैदुमर ट्रककडे निघाला तेव्हा सासूबाईंनी त्याच्या तोंडाशी नान धरली. लांब जाणाऱ्याने एक घास चावायचा, उरलेली भिंतीला टांगायची, आणि परतल्यावर त्यानेच ती संपवायची. त्याने चावली. ट्रकमधलं कोणीच परतलं नाही. ती नान अजून खिळ्यालाच होती, दगडासारखी टणक, दातांची खूण तशीच.

"वहिनी, याच्यासोबत एक नान मोडा," बोबो सफर सासूबाईंना म्हणाले. ते दाढ्यांमधले सगळ्यात थोरले. "वैर मिटू दे. पोरंबाळं सुखाने नांदू देत."

कोणाची पोरंबाळं? माझं पोर बापाचं तोंड न बघता पाच वर्षांचं झालं.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, की सैदुमरला पुरलंय कुठे. जागा कळली तर निदान फातिहा तरी वाचता येईल.

नुस्रतने दाढी खाजवली. "लढाई होती, मावशी. मला काही ठाऊक नाही."

सासूबाई उठल्या. खिळ्यावरची नान काढून त्यांनी त्याच्यापुढे ठेवली.

"हिच्यावर हात ठेव आणि हेच पुन्हा बोल."

नानवर हात ठेवून खोटं बोलायला आमच्याकडे चोरही धजत नाही. पण ज्याने मीठ खाऊन गाव मारलं त्याला कसली आलीय भीती, असं मला वाटलं. त्याने हात पुढेही केला. दातांच्या खुणेपाशी तो थांबला. इतका वेळ आम्हालाच समजावणारे म्हातारे आता त्याच्याकडे बघत होते.

"जुन्या पंपाच्या खोलीमागे," तो खाली बघत म्हणाला. "सगळे तिथेच आहेत."

बोबो सफरनी सुस्कारा सोडला. खरं बोलला बिचारा, आता मोडा नान, असं म्हणाले. बिचारा!

सासूबाईंनी उष्टी नान फडक्यात गुंडाळली. मग दस्तरखानावरची ताजी नानही उचलली, न मोडता.

"एकदा तुला खाऊ घातलं, नुस्रत. आता नाही."

आमच्या गावात पाहुण्यापुढची नान आजवर कोणी उचलली नव्हती. मी साखरेचा पुडा दाराबाहेर भिरकावला आणि कुदळ आणायला गोठ्यात गेले.